चंपतरावांच्या रायफलीचा दस्ता

बसा निवांत. इचोड्यात माझं फर्निचर पॉलिशचं दुकान आहे, ते तुम्हाला ठाऊकच. दिवाण, पाळणे, देव्हारे, हेच माझं काम. बंदुकीचं लाकूड हाती आलं ते एकदाच, गेल्या उन्हाळ्यात.

बाजारहत्नूरकडचे वामनराव ते धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले. त्यांचे थोरले भाऊ चंपतराव ज्वारीच्या वावरात रानडुकरांसाठी राखणीला बसले असताना गेले होते. मचाणावरून रायफल खाली दगडावर पडली आणि तिचीच गोळी त्यांना लागली, असं वामनरावांनी सगळ्यांना सांगितलं होतं. आता लायसन त्यांच्या नावावर झालं होतं. नळी घरी ठेवून त्यांनी नुसता खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता आणला होता. बाहेर जीपमध्ये चंपतरावांची बायको लक्ष्मीबाई बसली होती. ती उतरली नाही. काचेतून आमच्याकडे बघत राहिली.

"पंढरी, असा घासून काढ, का जुनं काईच दिसलं नाई पायजे," वामनराव म्हणाले.

लाकूड अक्रोडाचं होतं. नेम धरताना जिथं गाल टेकतो, तिथलं पॉलिश उडून लाकूड उघडं पडलं होतं. बाकी दस्ता साबूत. वामनराव गेल्यावर मी तो उलटसुलट करून पाहिला. उंचावरून दगडावर पडलेल्या लाकडाला खोक पडते, निदान कोपरा तरी चेपतो. इथं साधा ओरखडाही नव्हता. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मोठ्या घरचं प्रकरण. मी कामाला लागलो.

काचपेपरनं घासून काढला, जवसाचं तेल चोळलं आणि वाळायला टांगून ठेवला. सकाळी दुकान उघडलं तर सगळीकडे तेल चढलं होतं, फक्त गालाची जागा कोरडी. घासलेली, आधी होती तशीच. वाटलं, आपलाच हात कमी पडला. पुन्हा चोळलं. पुन्हा तेच.

मग मला माझ्याच बायकोचा संशय आला.

"शकू, तू हात लावून राह्यली का त्याले?"

"मी काऊन लावू? मले तर तिकडं जाववत नाई," ती हळूच म्हणाली. "आत कोणी बिडी ओढून राह्यलं असं वाटते..."

माझ्या दुकानात थिनरचे डबे असतात. तिथं बिडी कुणी पेटवत नाही. पण आत जाऊन उभा राहिलो, तर जवसाच्या तेलाखाली तंबाखूचा जळका, शिळा वास होता. मी दस्ता लोखंडी कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली करगोट्याला बांधली. सकाळी कपाट उघडलं. ती जागा पुन्हा उघडी पडली होती, आणि तिच्या कडेच्या ओल्या तेलात बारीक पांढरे केस चिकटले होते. न केलेल्या दाढीचे असतात तसे. माझी दाढी अजून काळी आहे.

त्याच दुपारी वामनराव आले. लक्ष्मीबाई आजही जीपमध्येच होती.

"हे काऊन राह्यलं?" त्यांनी त्या जागेकडे बोट केलं. बोट लावलं मात्र नाही.

"तिथं तेल धरत नाही मालक. तुमीच एकदा गाल टेकून पाहा."

असं मी का म्हणालो? मला त्यांचं तोंड बघायचं होतं. त्यांनाही नाही म्हणता येईना. त्यांनी दस्ता खांद्याला लावला, मान कलती केली आणि गाल टेकवला.

बाहेर हमरस्त्यावरून ट्रक जात होते. मला एकाचाही आवाज येईना. डोक्यावरचा पंखा फिरत होता, तोही मुका. वामनरावांचे डोळे उघडे होते, पण समोर काही बघत नव्हते. ते ऐकत होते.

"हो दादा..." ते पुटपुटले. धाकटा भाऊ देतो तशी ओ. मग, "हो... सांगतो."

त्यांनी दस्ता टेबलावर ठेवला आणि उन्हात चालत निघाले. जीपकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते सरळ पोलीस ठाण्यात गेले. मचाणावर आपणच भावाला गोळी घातली, असं त्यांनी कबूल केल्याचं संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात पसरलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस दस्ता न्यायला येणार होते. त्यांच्या आधी लक्ष्मीबाई आली, एकटीच.

"ह्यांच्या हातातलं लाकूड हाये. एक डाव घेऊ द्या."

मी दिलं. तिनं ते तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलं, मग त्या जागेला कान लावला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"अजून एक नाव घेऊन राह्यले..."

"कोणाचं, वहिनी?"

तिनं पदराचा बोळा करून त्या जागेवर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबला, एखाद्याचं तोंड दाबावं तसा. बाहेर पोलिसांची गाडी येऊन थांबली, तरी तिनं हात काढले नाहीत.