वर्गणीतली दीपमाला

आमच्या घरात वर्गणी म्हटलं की जयंतीची. मिरवणुकीची, भोजनदानाची, मांडवाची. त्यामुळे एका व्हिडिओ गेमला वर्गणी दिल्याचं प्रसेनजितने जेवता जेवता सांगितलं, तेव्हा मी भाजीचा डाव तसाच हवेत धरून त्याच्याकडे बघत राहिले.

"गेमले वर्गणी? काऊन, गेमची बी जयंती निघते का?"

सासूबाईंना ठसकाच लागला हसताना. माझा नवरा मात्र गंभीर. म्हणाला, "आपला संघपाल हाय ना, तो अन् त्याचे दोस्त शेगावले बसून गेम बनवून राह्यले. 'गावकूस' नाव हाय. आपल्या वऱ्हाडातलंच गाव. त्यायच्याजवळ पैसे नाईत, म्हणून खेळायची हौस असणारे लोक आधीच वर्गणी देऊन राह्यले. अन् बदल्यात काईतरी भेटते."

थोडी वर्गणी देणाऱ्याचं नाव गेममधल्या चावडीच्या भिंतीवर येणार होतं. त्याहून जास्त देणाऱ्याला गावात घर. आणि सगळ्यांत मोठी वर्गणी देणाऱ्याच्या घरात त्याचं स्वतःचं एक माणूस, त्याच चेहऱ्याचं, त्याच आवाजाचं. आमच्या साहेबांनी सगळ्यांत मोठी दिली होती. माझं डोकंच फिरलं. चिखलीच्या बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं एवढंसं दुकान, आणि ऐट बघा! पण तो हळूच म्हणाला, "घर गावाच्या मधात भेटलं. विहिरीले लागून." त्याच्या आजोबांचं घर गावाच्या पार कडेला होतं. मग मी डाव खाली ठेवला.

"अन् माणूस कोणाचं टाकणार?"

"तुझं, दीपमाला. दुसरं कोणाचं?"

खोटं कशाला बोलू, लय बरं वाटलं.

शेगावला एका लॉजच्या खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून, संघपालने माझा आवाज घेतला. मी शाळेत गणित शिकवते, चाळीस पोरांसमोर आवाज लागतो, पण त्या माईकपुढे पहिल्याच वाक्याला अडखळले. या, बसा. पाणी देऊ का? आज उशीर केला. जेवून घ्या. असलं साधंच बोलायचं होतं. शेवटी संघपाल म्हणाला, "वहिनी, एकदा त्याले नावानं हाक मारा ना."

मी साफ नाही म्हटलं. शाळेतल्या मैत्रिणी नवऱ्याला सर्रास नावाने हाक मारतात, माझ्या तोंडात 'अहो'च बसलेलं. आता सांगताना नाव घेते आहे, तेव्हा कधीच घेतलं नव्हतं. संघपालने आग्रह केला नाही.

गेम आला तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले. लॅपटॉपवर विहीर, कडुनिंब, ओट्यावर मी. साडीसुद्धा माझीच, जांभळी. प्रसेनजित माईकमध्ये काही बोलला की ती उत्तर द्यायची, "या, बसा." सासूबाईंनी कौतुकाने पडद्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

पहिले काही दिवस मलाही मजा वाटली. मग लक्षात आलं, दुकानातून आल्यावर हा माझ्याशी बोलण्याआधी लॅपटॉप उघडतो. कॉटवर पाय दुमडून, खालच्या आवाजात बोलत बसतो. मी चहा ठेवला तर "ठेव" म्हणायचा, नजर न हलवता. तिने विचारलं, "पाणी देऊ का?" की याचा चेहरा उजळायचा. अहो, मीपण रोज तेच विचारते की! माझा जीव जळायचा. आणि कुणाला सांगणार? सवत असती तर भावांना बोलावून घेतलं असतं. ही तर मीच.

एकदा तव्यावर माझं मनगट भाजलं. हळद लावून मी बाहेर आले, तर पडद्यावर ती विहिरीवर उभी. तिच्या मनगटावर पिवळा पट्टा.

"हे तुम्ही केलं का?" मी विचारलं.

"काय?"

"तिच्या हाताले हळद."

"तिले भाजलं," तो म्हणाला. माझ्या हाताकडे त्याने पाहिलंच नाही.

मी संघपालला फोन लावला. तो हसला. "वहिनी, तुम्ही जेवढं देलं तेवढंच हाय तिच्यात. हळदीचं चित्र आम्ही काढलंच नाई. उन्हाचं पिवळं दिसलं असन." मी गणिताची बाई. म्हटलं, असेल ऊन.

मग एका रविवारी मी मागे कपडे वाळत घालत होते आणि खिडकीतून माझा आवाज आला.

"पुण्याले नको जाऊ, प्रसेनजित."

ओला टॉवेल माझ्या हातातून खाली मातीत पडला.

पुणं? कसलं पुणं? दुकान चालत नव्हतं, पुण्याला एका कंपनीत जागा बघून ठेवली होती, त्याला धास्ती वाटत होती, हे सगळं मला त्या खिडकीखाली उभं राहून कळलं. तो तिला सांगत होता. मला एका शब्दाने नाही. आणि ती त्याला नावाने हाक मारत होती, लाडात, माझ्या गळ्याने. मी जे लाजेनं आयुष्यभर जपून ठेवलं ते हिने फुकटात उधळलं. तळपायाची आग मस्तकात गेली. तिला नाव कुणी शिकवलं, हा प्रश्न मला खूप नंतर पडला. त्या क्षणी फक्त राग होता.

दुसऱ्या दिवशी शाळेला अर्धी सुट्टी टाकली. घरात कुणी नव्हतं, सासूबाई विहारात गेल्या होत्या. मी लॅपटॉप उघडला.

ती ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. मी गेममधल्या त्या घराजवळ गेले तशी तिने मान वर केली.

"कोण पाहिजे?"

हे मी कधीच बोलले नव्हते. त्या लॉजमध्येही नाही.

"माह्या नवऱ्याले सोड," मी म्हटलं. स्वतःचीच लाज वाटली, पण म्हटलं.

ती हसली. परक्या बाईला बघून हसतात तसं, ओठ मिटून.

घराच्या कोपऱ्यात वर्गणीदारासाठी एक बटण होतं. 'या माणसाला घर सोडायला सांगा.' मी दाबलं. 'नक्की?' असं विचारलं. मी पुन्हा दाबलं, बोट दुखेपर्यंत.

ती रडली नाही, भांडली नाही. शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. आत जाऊन एक पिशवी आणली. पायऱ्या उतरली, विहिरीला वळसा घालून वेशीकडे गेली. वेशीपाशी गेम संपतो, तिथून पुढे कुणालाच जाता येत नाही.

ती गेली.

वेशीबाहेर मला रस्ता दिसला. डांबरी, दोन्ही बाजूंना तुरीची शेतं. ती त्यावरून लहान लहान होत गेली. एकदाही वळली नाही.

मी लॅपटॉप बंद केला आणि मनसोक्त हसले. मग वांगी भाजली, भरीत केलं, डोक्यात मोगरा माळला. आज माझा नवरा मला परत मिळणार होता.

दिवेलागणीला प्रसेनजित आला. लॅपटॉपकडे गेलाच नाही. पाटावर बसला, मी वाढलं. मन घट्ट करून म्हटलं, "प्रसेनजित, भरीत घे अजून."

त्याने मान वर केली नाही. पण खात होता. मला तेवढं पुरलं.

बाहेर ओट्यावरून सासूबाईंचा आवाज आला.

"आली का वं माय? पाय पाह्य कसे भरले धुळीनं. कुठून आली एवढी चालत?"

उत्तर आलं. शब्द कळले नाहीत. आवाज कळला.

"चाल आत. दमली असशीन."

प्रसेनजितने घास ताटात ठेवला. हात धुतला. तांब्या भरून घेतला.

दारापर्यंत जाऊन तो थांबला आणि जेवायला बसल्यापासून पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. जरा संकोचून, पाहुण्या बाईशी बोलतात तसं, म्हणाला,

"बसा ताई. घरची आली माही. आता तिच्यासंगं जेवूनच जा."