सहावा कप

ज्याला खोटं वाटेल, त्याने खुशाल खोटं समजावं. ही हकिकत थर्झाने माझ्या आजीला सांगितली आणि आजीने मला. थर्झा म्हणजे आजीची मावशी. तिखटमीठ लावून बोलायचा दोघींचाही स्वभाव नव्हता.

भुतं रात्रीच येतात, असं तुम्ही ऐकलं असेल.

हे भर दुपारी घडलं.

साल १८८६. ऑक्टोबर महिना. इंग्लंडमधलं आमचं बर्स्लेम गाव. भट्ट्यांच्या धुरामुळे तेव्हा इथे दुपारीही दिवा लावावा लागायचा.

थर्झाला आठवा महिना लागला होता. याआधीची तिची दोन बाळं पोटातच गेली होती. चिनी मातीच्या कारखान्यात ती भांडी झिलईत बुडवायचं काम करायची. झिलईत शिसं असतं. त्याने भांडं आरशासारखं चमकतं आणि बुडवणारीच्या अंगात विष भिनतं. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण पोटासाठी बायका तिथे जायच्याच. थर्झाने मात्र वर्षापूर्वी ते काम सोडलं. वर्षभरात अंगातलं विष उतरेल आणि पुढचं बाळ जगेल, एवढी एकच आशा तिने धरली होती.

तिचा नवरा जेबेझ त्याच कारखान्यात मुकादम होता. भारी हौशी माणूस. घर कसं सजवावं यावरचं एक पुस्तक वाचून त्याने पुढची खोली नटवली होती. झालरीचा मखमली टेबलक्लॉथ, काचेच्या घुमटाखाली मेणाची फळं, कोपऱ्यात काचेचं कपाट. त्या खोलीत घरचं कुणी बसत नसे. पाद्री आले किंवा कुणी वारलं, तरच ती उघडायची. एरवी कुलूप.

एका शनिवारी जेबेझ टोपली घेऊन आला. पेंढ्यातून त्याने एकेक कप काढला. सहा कप, सहा बशा. सोनेरी कड, निळी फुलं आणि जपानी धाटणीचे उडते बगळे.

"बाळाच्या बाप्तिस्म्याचा चहा यातूनच द्यायचा," तो म्हणाला. "बघत राहतील सगळे!"

"कारखान्याने नाकारलेला माल दिसतोय," सासूबाई म्हणाल्या. "अगदी तुझ्यासारखा."

"मग मला ठेवून का घेतलंत, आई?"

"परत करायला गेले होते. कुणी घेईना!"

थर्झा पोट धरून हसली. त्या घरातलं तिचं ते शेवटचं हसू.

सोमवारी दुपारी ती स्वयंपाकघरात ओटची धिरडी घालत होती. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं.

भिंतीपलीकडून आवाज आला...

टण.

मग शांतता. आणि मग कुणीतरी हलकेच हुंकार दिला...

"हं."

टण... "हं."

थर्झाच्या हातातलं उलथणं हातातच राहिलं. तव्यावरचं धिरडं करपलं, तरी तिला कळलं नाही.

तो हुंकार तिच्या ओळखीचा होता.

सेलिना. तिची कारखान्यातली जिवाभावाची मैत्रीण. तिचं काम भांडी निवडायचं. कप डाव्या हाताच्या नखाने वाजवायचा आणि कान द्यायचा. धड कप टणकन वाजतो. तडा गेलेला बद्द वाजतो. कप धड असला की सेलिना "हं" म्हणायची. नसला की काहीच बोलायची नाही, नुसता बाजूला ठेवायची. मालक डोक्यावर उभा राहिला, तरी तिने कधी बद्दला टण म्हटलं नाही.

पण सेलिना ईस्टरच्या आधीच वारली होती. थर्झाने स्वतः तिच्या शवपेटीवर मूठभर माती टाकली होती.

टण... "हं."

शेवटचा आवाज वेगळा आला.

बद्द.

त्यावर हुंकार नव्हता.

थर्झाने धीर करून किल्ली घेतली आणि पुढच्या खोलीचं दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. कपाट बंद होतं. पण शनिवारी तिने सगळ्या कपांचे कान उजवीकडे ठेवले होते... आता ते डावीकडे होते.

तिने शेवटचा कप काढून नखाने वाजवला. बद्द. दिव्यासमोर धरला, तर बगळ्याच्या पंखातून केसाएवढा तडा गेलेला.

इथे थर्झाने आमच्या गावातलं कुणीही करेल तेच केलं. वाईट नग काढला की उरलेला माल धड, ही आमच्याकडची सवयच. तिने तो कप शालीआड लपवून नेला आणि कारखान्यामागच्या फुटक्या भांड्यांच्या ढिगावर फेकला. तिला हलकं वाटलं. पोटात बाळानेही लाथ मारली.

"आता सगळे धड आहेत," ती पोटावर हात फिरवत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुद्दाम कान देऊन बसली.

टण... "हं." पाच वेळा. पाचही धड.

तिने सुटकेचा श्वास सोडला...

बद्द.

कपाटात पाचच कप होते. तिने पुन्हा पुन्हा मोजले. मग सहावं काय वाजलं?

संध्याकाळी तिने सासूबाईंना सांगितलं. एरवी जिभेला हाड नसलेल्या त्या बाईने आधी दार लावून घेतलं. मग म्हणाली, "जेबेझला बोलू नकोस. आणि त्या खोलीत पाऊल टाकू नकोस, पोरी."

"सेलिना माझं वाईट करणार नाही, आई."

"वाईट नाही करणार गं. पण ती खोटंही बोलणार नाही."

तरीही थर्झा गेली. भिंतीआडून ऐकत बसणं तिला सोसेना. बुधवारी दुपारी ती पुढच्या खोलीत, पाद्र्याच्या खुर्चीत जाऊन बसली. समोर कपाट. आत पाच कप.

बराच वेळ काही झालं नाही.

मग पहिला कप वाजला. हलला नाही... नुसता वाजला. आणि अगदी जवळून, "हं."

दुसरा. तिसरा. चौथा. पाचवा.

पाचव्या हुंकारानंतर खोली गारठली. झिलईच्या टबाचा तो ओला, गोडसर वास आला. कपाटापासून खुर्चीपर्यंतच्या गालिच्यावर कुणीतरी सावकाश चालत येत होतं... दिसत मात्र काहीच नव्हतं.

सहावं काय आहे, ते थर्झाला तेव्हा कळलं.

तिने दोन्ही हातांनी पोट झाकलं.

"सेलिना," ती रडत म्हणाली, "आपल्या मैत्रीची शपथ आहे तुला. एकदाच खोटं बोल. माझ्यासाठी एकदाच 'हं' म्हण गं."

पावलं थांबली. खूप वेळ काहीच नाही... जणू समोरचीही अडली होती.

मग थर्झाच्या बोटांच्या फटीतून, पोटावर, एक थंड नख टेकलं.

बद्द.

आवाज तिला कानांनी ऐकू आला नाही. आतून आला.

ती वाट बघत राहिली. "हं" आलं नाही.

गुरुवारी सकाळपर्यंत बाळ हलत होतं. त्यानंतर हललं नाही.

संध्याकाळी जेबेझ शीळ घालत घरी आला. "बाप्तिस्म्याचा केक सांगून आलो! बेदाणे भरपूर घाल म्हटलं." थर्झाने त्याच्यापुढे चहा ठेवला. सासूबाई चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या.

चार दिवसांनी थर्झा बाळंत झाली. मुलगी होती. ती रडली नाही. पुढच्या खोलीतला मखमली टेबलक्लॉथ काढून तिला तिथेच ठेवलं, काचेच्या कपाटासमोर.

थर्झाला पुन्हा मूल झालं नाही. टणटण तिने पुन्हा कधी ऐकली नाही. कप मात्र तिने फेकले नाहीत. "माझ्याशी खरं बोललेलं तेवढंच एक माणूस होतं," असं ती आजीला म्हणाली होती. मला याचा अर्थ आजही नीट लागत नाही.

ते पाच कप आता माझ्याकडे आहेत. जुन्या वस्तूंचे व्यापारी फेऱ्या घालतात. मी ते कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले होते, ते एकाला दाखवायला नुकतेच खाली काढले. गेल्या रविवारी माझी सून आली. तिला सातवा महिना आहे. "अय्या, किती सुंदर! मी घरी लावते हे," म्हणाली आणि कागद काढून सगळे टेबलावर मांडून ठेवले. चहा घेऊन ती बाहेर बागेत बसली. मी आत भांडी विसळत होते.

तेव्हा शेजारच्या खोलीतून...

टण... "हं." पाच वेळा. पाचही धड.

पुढचं ऐकायच्या आत मी दोन्ही कान घट्ट दाबून धरले.

सून रोज फोन करते. सगळं ठीक आहे म्हणते. मी बरं म्हणते... आणि बाळ आज हललं का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.