भर दुपारची चोरी

"खालून दुसरी ओळ वाचा."

"ती... नाही दिसत."

"तिच्या वरची?"

"तीही नाही. पण अंदाजानं सांगू शकतो."

"डोळे तपासताना अंदाज चालत नाही," मोनाली म्हणाली आणि तिनं त्याच्या नाकावरच्या जड फ्रेममध्ये दुसरं भिंग सरकवलं. जळगावच्या नव्या पेठेत लोटनभाऊंच्या चष्म्याच्या दुकानात ती तीन वर्षं डोळे तपासत होती. एप्रिलची दुपार, बाहेर रस्ता तापलेला, आणि आत हे बुधवारचं एकुलतं एक गिऱ्हाईक. कुंदन, धुळ्याचा. सराफांचे वजनकाटे दुरुस्त करायला दर बुधवारी जळगावला येणारा. चेहरा बरा होता. बरा म्हणजे, दोनदा बघावा इतपत बरा.

"स्क्रीनसमोर किती वेळ बसता?"

"चार तास. सुट्टीच्या दिवशी... ते विचारू नका."

"कामाचं काही?"

"काम कसलं हो. एक म्हातारी आहे. तीन आठवडे झाले, कमरेची किल्ली काही काढू देत नाही."

मोनालीच्या हातातलं भिंग हातातच राहिलं. कारण ती म्हातारी तिची होती.

म्हणजे झालं होतं असं. पंचवीस वर्षांपूर्वीचा एक परदेशी खेळ आहे. त्यात आपण चोर असतो. मारामारी करायची नाही, अंधारात लपत-छपत जायचं, वस्तू उचलायची आणि कुणाला संशय यायच्या आत पसार व्हायचं. खेळ काढणारी कंपनी कधीच बंद पडली. पण जगभरातले वेडे अजून घरी बसून त्याची नवी नवी मिशन, म्हणजे चोरीचे नवे डाव, बनवतात आणि एकमेकांना फुकट वाटतात. त्या वेड्यांत मोनाली एक होती. दुकानातून घरी गेली की रोज संध्याकाळी, सलग दोन वर्षं खपून तिनं एक मिशन बनवलं होतं. त्याचं नाव 'दुपार'.

बाकीच्यांची मिशन काळ्याकुट्ट किल्ल्यांत घडायची. मोनालीच्या मिशनमध्ये अंधार औषधालाही नव्हता. चोपड्याकडचं असतं तसं अंगण, डोक्यावर ऊन, खाटांवर वाळत घातलेले ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, ते थापणाऱ्या चार बायका, आणि लिंबाखाली राखणीला बसलेली अक्का. अक्काच्या कमरेला किल्ली. ती काढायची, कुणाला संशय येऊ द्यायचा नाही आणि दारातून बाहेर पडायचं. बस्स, एवढंच. पण साडेतीन आठवड्यांत एकालाही ते जमलं नव्हतं.

बनवणाऱ्याचं नाव तिनं 'निंबा' असं टाकलं होतं, आजोबांचं. खेळाडूंच्या गटात एकदा ती स्वतःच्या आवाजात बोलली होती, तेव्हा चार दिवस तिला एकच प्रश्न आला होता की माईक दादाला कधी देणार. तेव्हापासून ती फक्त लिहायची, आणि निंबा म्हणून लिहायची.

हे सगळं तिनं कुंदनला सांगितलं का? छे. तिनं शांतपणे भिंग बसवलं आणि विचारलं, "म्हातारीनं काय केलं एवढं?"

मग तो जो सुटला... डोळे राहिले बाजूला. गोठ्यातून जाऊन पाहिलं, शेळी ओरडली. लिंबावर चढून पाहिलं, सावली खाटेवर पडली. खडा टाकून अक्काला उठवायला गेलो तर ती जागची हलली नाही, उलट माझ्याच दिशेनं बघत राहिली.

"आणि हा निंबा," कुंदन म्हणाला, "हा मनुष्य भेटला ना, तर आधी पाया पडेन आणि मग दोन ठेवून देईन."

"दोन कशाला?"

"एक शेळीबद्दल. एक म्हातारीबद्दल."

मोनाली हसली. जरा जास्तच हसली असावी, कारण काउंटरवरून लोटनभाऊंनी मान वर करून पाहिलं.

पुढच्या बुधवारी तो चष्मा न्यायला आला. चष्मा घालून त्यानं आधी आरशात पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं आणि तिच्याकडेच पाहत राहिला.

"स्पष्ट दिसतंय?" तिनं विचारलं.

"फारच."

तिनं उगाचच कापडानं काउंटर पुसला. त्या दिवशी समोरच्या रसवंतीत दोघांनी रस घेतला. बोलणं सगळं अक्काचं. मोनालीनं 'मीही थोडंफार खेळते' असं सांगून टाकलं, तेव्हा तो इतका खूश झाला की त्याचा बर्फ टेबलावर सांडला. मग त्यानं त्याच बर्फाच्या खड्यांनी अंगण मांडलं. हा गोठा, ही खाट, ही अक्का.

"खाटेखालून सरपटत गेलं तर?" तो म्हणाला.

"बिबड्यांना धक्का लागेल."

"भिंतीच्या कडेनं?"

"तिथं कोंबड्या आहेत."

"तुम्हाला बरंच माहीत आहे हो."

"खेळले ना मी... थोडंफार," ती म्हणाली आणि स्ट्रॉनं रस ओढू लागली.

तिसऱ्या बुधवारी तो आला ते चष्म्याची वाकलेली काडी घेऊन. काडी सरळ करायला दोन मिनिटं लागतात. मोनालीला वीस लागली.

पण त्या दिवशी त्याचा चेहरा उतरलेला होता. "ऐकलं का? 'दुपार' काढून टाकणार म्हणे."

तिनं ऐकलं होतं. ऐकल्यापासून तिचं जेवणात लक्ष नव्हतं. गटाचा नियम होता, बनवणाऱ्याखेरीज एका तरी खेळाडूनं सहा आठवड्यांच्या आत मिशन स्वच्छ पार करून दाखवायचं. नाहीतर त्यावर 'अशक्य' असा शिक्का मारून ते यादीतून काढून टाकायचे. रविवारी सहा आठवडे पुरे होत होते. पोलंडचा एक नावाजलेला खेळाडू तर जाहीर लिहून मोकळा झाला होता की हे मिशन नाही, बनवणाऱ्याची चूक आहे, अशी चोरी होऊच शकत नाही.

"तुम्हाला काय वाटतं?" तिनं विचारलं. आवाज साधा ठेवायला तिला बरेच कष्ट पडले.

"मला वाटतं वाट आहे." कुंदन काचेवर बोट फिरवत राहिला. "ते अंगण बनवणाऱ्यानं प्रेमानं बनवलंय हो. बिबड्याला उन्हात कड कशी येते तेसुद्धा दाखवलंय त्यानं. असा माणूस फसवणार नाही. मलाच ती वाट सापडत नाही. अक्कानं 'कोन शे रे तू?' म्हटलं की माझे पाय आपोआप पळतात."

वाट तिच्या जिभेवर होती. चार शब्द, की त्याची चोरी पार आणि तिची दोन वर्षं वाचली. पण सांगून पार झालेलं मिशन पार झालं असं ती मानायला तयार नव्हती. आणि दुसरंही होतं. हे एका तरी माणसाला आपलं आपण उमजावं म्हणून तर तिनं ते बनवलं होतं. आता त्या एका माणसाचं नाव कुंदन असावं असं तिला फार वाटत होतं. ती ओठ घट्ट मिटून काडीचा स्क्रू पिळत राहिली.

"रविवारी सकाळी अकरा वाजता शेवटचा प्रयत्न करणार आहे. इंटरनेटवर थेट, सगळ्यांसमोर," तो म्हणाला. "बघाल?"

"बघेन," ती म्हणाली.

रविवारी अकराला ती खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन लावून बसली. पडद्यावर तिचं अंगण होतं. बघणारे तीनशे चार होते, ब्राझीलचे, कॅनडाचे, कुठकुठचे. अकरा वाजून गेले. सव्वाअकरा झाले. कुंदनचा पत्ता नाही. पोलंडच्या गड्यानं हसरा चेहरा टाकला. मोनालीनं नखं खाल्ली.

साडेअकराला धापा टाकत आवाज आला. आधी त्यानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळ्यांची माफी मागितली, आणि मग मराठीत, जणू कुणा एकीलाच सांगावं तसं बोलू लागला.

"आई बिबडे घालतेय आज. म्हणाली, ताईबाईकडून खाट घेऊन ये. ताईबाई म्हणजे गल्लीच्या टोकाची म्हातारी, तिला धड दिसत नाही. मी अंगणात पाय ठेवला तर ती ओरडली, 'कोन शे रे तू?' आणि मी... उभा राहिलो. आपल्याकडे पळतं का कुणी? मी जवळ गेलो. तिनं नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. म्हणाली, 'बठ. घाटा खाय पहिले.' बिबड्यांसाठी शिजवलेलं ते गरम पीठ, वर तेल. शेवटपर्यंत तिला कळलं नाही मी कुणाचा कोण ते. खाट उचलून निघालो तरी तिनं विचारलं नाही. सहा आठवडे मी उगाच पळत होतो हो."

मोनालीनं दोन्ही हात तोंडावर धरले.

खेळ सुरू झाला. कुंदनचा चोर ना गोठ्याकडे गेला, ना भिंतीकडे. सरळ पुढच्या दारानं, भर उन्हात अंगणात शिरला. तीनशे चार माणसांनी एकदम लिहायला सुरुवात केली की याचं डोकं फिरलं. लिंबाखालून अक्का गरजली, "कोन शे रे तू?"

चोर थांबला. पळाला नाही. चार पावलं पुढं गेला आणि अक्काच्या खाटेशेजारी मांडी घालून बसला.

एक क्षण काहीच झालं नाही. मग अक्का म्हणाली, "बठ. घाटा खाय पहिले." आणि तिनं वाटी पुढं केली.

अशी एक वाटी या खेळात आहे हे सहा आठवड्यांत जगात कुणाला माहीत नव्हतं. चोरानं डाव्या हातात वाटी धरली. अक्का बायकांकडे वळून कुणाला तरी बिबडे उलटवायला सांगू लागली. उजव्या हातानं किल्ली अलगद निघाली. शेळी ओरडली नाही. कोंबड्या दाणे टिपत राहिल्या. चोर उठला, उन्हातून सावकाश चालत दाराशी पोचला, आणि मागून अक्काचा आवाज आला, "परत येजो रे, भाऊ."

ते वाक्य मोनालीनं अक्काला आवाज देणाऱ्या कोकिळाआत्याकडून अकरा वेळा बोलून घेतलं होतं. मनासारखं येईपर्यंत आत्याला सोडलं नव्हतं. आज ते पहिल्यांदा कुणाच्या तरी कानावर पडलं. ती रडली, चांगली हुंदके देऊन रडली, आणि तिला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

पडद्यावर शब्दांचा पूर आला होता. गटप्रमुखानं जाहीर केलं की मिशन स्वच्छ पार झालं, 'दुपार' यादीत राहील. पोलंडच्या गड्यानं लिहिलं, मी चुकलो, बनवणाऱ्याला सलाम. आणि सगळे एकच नाव घेऊ लागले, निंबा कुठे आहे, निंबाला बोलवा.

"निंबाभाऊ," कुंदन म्हणाला, "ऐकताय का? फार शिव्या घातल्या तुम्हाला. माफ करा. एकदा तुमचा आवाज तरी ऐकू द्या."

मोनालीनं माईकच्या बटणावर बोट ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं. मग दाबलं.

"भाऊ नाही मी," ती म्हणाली.

तिकडे खुर्ची करकरली.

"मी मोनाली. जळगावची. मिशन मी बनवलंय, एकटीनं. दादा वगैरे कुणी नाही."

"चष्म्याच्या दुकानातल्या... मोनाली?"

"हो. शेळीबद्दल एक आणि म्हातारीबद्दल एक, कधी ठेवून देताय?"

तो आधी हसला, मग हसता हसता थांबला. "म्हणजे बुधवारी तुम्हाला सगळं माहीत होतं. तुमचं मिशन हातचं चाललं होतं आणि तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत?"

"तुम्हाला सापडेल असं वाटत होतं."

"आणि नसतं सापडलं तर?"

"तर... मिशनही गेलं असतं. आणि मला तुमच्यासमोर रडू आलं असतं, आणि तुम्हाला त्याचं कारण कळलं नसतं."

मागे कुठेतरी त्याच्या आईचा, प्रमिलाबाईंचा आवाज आला, "कुंदन, तू काय करी राह्यना रे? बिबडा कोन उलटाई?"

"मोनाली," तो म्हणाला. 'तुम्ही' आपोआप गळून पडलं होतं. "काडी मीच वाकवली होती. मला तू आवडतेस. म्हणजे... साधं आवडणं नाही. हे तीनशे माणसांसमोर बोलतोय मी, आणि बरं आहे की त्यांना कळत नाही, पण कळलं असतं तरी बोललो असतो."

"काडी वाकवलीय हे मला कळलं होतं," मोनाली म्हणाली. "म्हणून तर वीस मिनिटं लावली." तिनं श्वास घेतला. "मलाही तू आवडतोस, कुंदन. खूप."

इकडे पडद्यावर प्रश्नांची नुसती झुंबड. हे कोण बोलतंय? ही बाई कोण? भांडतायत का? पोलंडच्या गड्यानं विचारलं, कुणीतरी भाषांतर करा.

मोनालीनं आधी ते काम केलं नाही. आधी तिनं मिशनचं पान उघडलं, बनवणाऱ्याच्या रकान्यातलं आजोबांचं नाव पुसलं आणि तिथं मोनाली असं ठसठशीत लिहिलं. मग ती चर्चेत परतली आणि तीनशे चार जणांसाठी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. हे मिशन माझं आहे. आणि ज्यानं ते पार केलं, तोही.