बावखल कोणी दिलं?

चोरी तुम्ही केलीत. खुर्चीचं नाव मी लिहीत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे.

सोमवारी सकाळी मोजणीवाले निर्मळ गावात हरिश्चंद्र राऊतांच्या वाडीत शिरले आणि बावखलाभोवती खुंट्या ठोकू लागले. चार पिढ्यांनी गाळ उपसून राखलेला तो गोड्या पाण्याचा खोल खड्डा. त्यावरच केळी उभी. राज्याने परदेशातल्या एका प्रांताशी मैत्रीकरार केला होता. त्याची खूण म्हणून इथे मैत्री उद्यान होणार होतं. मोजणीवाल्यांच्या हातात हरिश्चंद्रांचं संमतीपत्र. सही त्यांचीच.

"मी असलं काय दिलंच नाय," एवढंच ते म्हणत राहिले.

शेजारच्या मनोरमाबाई निवृत्त तलाठी. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. 'माझ्या मालकीचा तलाव देण्यास हरकत नाही.' मजकूर छापील, सही पार तळाशी, तिच्याआधी पेनाने लिहिलेला सातचा आकडा. गेल्या महिन्यात परदेशी पाहुणे आले, तेव्हा सोनचाफ्याचे हार घेऊन सात गावकरी रांगेत उभे होते. शेवटचे हरिश्चंद्र.

केयूर खुंट्या बघायला आला. मूळचा इथल्याच उमेळे गावचा, आता सरकारच्या परदेश कक्षात अधिकारी.

"पत्र कोणी लिहिलं?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"हरिश्चंद्रकाका बोलले, मी टाईप केलं."

"त्यांच्याच शब्दांत?"

"अक्षरशः."

"मग तलाव कुठून आला?"

केयूर हसला. "मावशी, पाणी साचलं की तलावच ना."

"तुझ्या बिल्डिंगमध्ये असेल. निर्मळमध्ये तलाव एकच, देवळाजवळचा. वाडीत असतं ते बावखल. ह्या माणसाने जन्मात दुसरा शब्द वापरला नाही."

 मग मनोरमाबाईंनी उलगडा केला. त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येकाकडून कोऱ्या कागदावर सही घेतली होती. शुभेच्छा पाहुण्यांच्या भाषेत आम्हीच लिहू, असं सांगून. सात हा रांगेतला नंबर. शुभेच्छांच्या जागी संमती छापली गेली.

"तिकडे करारावर सह्या व्हायची तारीख ठरलेली," केयूर खाली बघत म्हणाला. "वरून फोन आला, जागा दाखवा म्हणून."

तक्रार मुंबईला गेली. परदेशाचा विषय आहे, दिल्लीला विचारा, असं उत्तर आलं. दिल्लीने कळवलं, करार राज्याचा आहे. त्या प्रांताचंही पत्र आलं. हरिश्चंद्रांच्या औदार्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. केयूरची बदली झाली. बावखलात भराव पडला. हरिश्चंद्र अजून सकाळी घागर घेऊन तिथवर जातात आणि रिकामी परत आणतात.

फोन करणारे तुम्ही. कोऱ्या कागदावर आमचं पाणी परक्यांना लिहून द्यायला तुम्हाला कोणी सांगितलं? उत्तर द्या.