शून्य मीटर

हसू नका, पण त्या दुपारी मी घराबाहेर पडले ती एक प्लास्टिकचा डबा लपवायला. खेळच आहे तो. डबा कुठेतरी लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे, मग अनोळखी माणसं फोन घेऊन शोधत येतात. माझ्या पहिल्या डब्याचे आकडे चुकले होते. एक गृहस्थ गटारात पडले. "बाई, मूलही असंच अंदाजपंचे सांभाळता का?" त्यांनी लिहिलं होतं. ते वाक्य मला महिनाभर पुरलं.

म्हणून या खेपेला शेजारच्या मोजणीदारकाकांना विचारलं. उभा जन्म जमिनी मोजण्यात गेलेला माणूस. ते म्हणाले, "फोन खोटारडा नसतो गं, उतावळा असतो. डब्यावर ठेव, पाच मिनिटं हात लावू नकोस. आकडे घे. मग पन्नास पावलं लांब जा, वेगळ्या दिशेनं परत ये, पुन्हा घे. असं तीनदा. दर वेळी थोडे वेगळे येतील, त्यांची सरासरी काढ."

बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीमागे उंच झाडी होती. एका मुळाच्या बेचक्यात डबा बसवला. अडचण एकच, पन्नास पावलं जायचं म्हणजे चार वर्षांच्या चिऊला डब्यापाशी सोडायचं. तोड मीच काढली. "मोठ्यानं आकडे म्हणत राहा. आवाज थांबला की मी पळत येईन." तिला वीसपर्यंतच यायचे. वीस झाले की पुन्हा एक.

तीन फेऱ्या झाल्या. तिन्ही वेळा आकडे सारखे आले, शेवटच्या अंकापर्यंत. खात्रीसाठी तेच आकडे फोनमध्ये घालून बाणामागे निघाले. बाणानं मला डबा ओलांडून दहा पावलं पुढे, एका मोकळ्या जागी नेलं. फोन नेहमी सांगतो, चूक आठ मीटर, कमीत कमी चार. तिथे लिहून आलं, शून्य.

पानांची सळसळ थांबली. ओल्या दगडासारखा वास आला.

"...एकोणीस, वीस, एकवीस, बावीस..."

मला आधी कौतुकच वाटलं. शाळेत शिकवलं वाटतं! मग वळून पाहिलं. चिऊ डब्यापाशी बसली होती, ओठांवर बोट ठेवून.

"आई, श्श... तिचे अजून संपले नाहीत."

आवाज माझ्या पावलांपाशी होता. लहान, स्वच्छ, बिनघाईचा. खरं सांगते, भीती नंतर आली. आधी डोळे भरून आले. मी रात्रीत चार वेळा उठून लेकीचा श्वास तपासणारी बाई. आणि इथे कोणीतरी होतं, ज्याच्या हिशेबातून काहीच सुटत नव्हतं.

बेचाळीसनंतर आवाज थबकला. मग अगदी जवळून, मला उद्देशून म्हटल्यासारखं...

"त्रेचाळीस. चव्वेचाळीस."

आणि चिऊकडे, "पंचेचाळीस."

तिला उचलून मी धावत सुटले. वाटेवर पोचतो तोच, अगदी शेजारून, "सेहेचाळीस."

वाट रिकामी होती.

डबा काकांनी जाऊन आणला. "तिन्ही वेळा सारखे?" त्यांनी दोनदा विचारलं. "डोंगरसुद्धा तीनदा सारखा मोजला जात नाही, पोरी." मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "सवय जात नाही बघ. झाडं मोजली. बेचाळीस आहेत."

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरचा मुगाएवढा ठिपका दाखवला. नवरा म्हणाला, "अगं, हसतेस काय, रडतेस काय, एक काहीतरी कर!" मी मनात झाडं मोजत होते. मग मी. मग हा ठिपका, ज्याचा मलाही तेव्हा पत्ता नव्हता. मग चिऊ. एकही आकडा चुकलेला नव्हता.

म्हणूनच सेहेचाळीस मला सोडत नाही.

त्या दिवसापासून चिऊ घरात शिरली की दार लगेच लावत नाही. बाजूला सरकते, कोणीतरी आत येईपर्यंत थांबते, आणि मग अलगद कडी घालते.