न झालेली तिसरी कुस्ती

तेहतीस जणांच्या सभेत पहिल्या ठरावाने दुसऱ्याला पाडलं, बावीस विरुद्ध अकरा मतांनी. दुसऱ्याने तिसऱ्याला पाडलं, तेही बावीस विरुद्ध अकरा. आणि तिसऱ्याने पहिल्याला पाडलं, पुन्हा बावीस विरुद्ध अकरा. कुणी मत फिरवलं नाही, कुणी दोनदा हात वर केला नाही, मोजणारा शुद्धीवर होता. मग जिंकलं कोण?

मला विचारू नका. मी शास्त्रज्ञ असूनही या कोड्यावर साफ आपटलो. ते सोडवलं माझ्या नातीने, बकुळने, वय वर्षं अकरा. आणि तेही गंमत म्हणून नव्हे. त्या कोड्यात एक यंत्रमानव अडकला होता आणि आठ दिवसांत त्याचे स्क्रू निघणार होते.

गोष्ट लोणारची. तिथे विवर आहे (आकाशातून पडलेल्या दगडाने केलेला प्रचंड खड्डा) आणि त्याच्या काठावर आमचं विद्यापीठ होतं. तो दगड मी काही पाहिलेला नाही, माझं वय तेवढं नाही. पण त्याचा एक मावसभाऊ माझ्या कपाटात असतो आणि थंडीत शिंकतो. मी तिथे उल्काशास्त्र (अशा दगडांचं शास्त्र) शिकवत असे. बकुळचे आईवडील अंटार्क्टिकावर बर्फाची जाडी मोजायला गेले होते, त्यामुळे ती माझ्याजवळ राही आणि जेवायला विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये येई.

मेसमध्ये बापूराव होता. तीस वर्षं ज्वारीची भाकरी थापणारा यंत्रमानव. त्याची भाकरी इतकी पातळ की तिच्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. मी वाचलंय. एकदा हवामानाच्या अंदाजावर ठेचा सांडला, तर त्या दिवशी पाऊसच आला नाही. बकुळला अपूर्णांक त्यानेच शिकवले, भाकरीचे तुकडे करून. उत्तर चुकलं तर तो तुकडा दारातल्या कुत्र्याला. पहिल्या महिन्यात कुत्रं चांगलंच बाळसं धरून होतं, नंतर हळूहळू रोडावलं. यावरून पोरीची प्रगती ओळखा.

त्या वर्षी विद्यापीठाने रेडिओ दुर्बीण उभारली (ही डोळ्याने बघायची दुर्बीण नव्हे, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी झेलणारी भली मोठी थाळी, भर दिवसाही चालते). थाळी आली, पण ती सावकाश, जराही न थरथरता फिरवणाऱ्या मोटरी कुठे मिळेनात. तशा मोटरी आता बनतच नव्हत्या. उरल्या होत्या फक्त दोन, बापूरावाच्या खांद्यांत.

झालं. प्रश्न विद्यार्थी संसदेपुढे आला. विद्यार्थी संसद म्हणजे विद्यार्थ्यांनी निवडून दिलेली तेहतीस जणांची सभा. मेस, वसतिगृह आणि तिथली सगळी यंत्रं तिच्या ताब्यात. तिची एक घटना होती (सभा कशी चालवायची ते सांगणारं नियमांचं पुस्तक). सभेपुढे तीन ठराव आले. पहिला ‘ठेवा’: बापूराव मेसमध्ये आहे तसा राहू दे. दुसरा ‘मांडा’: त्याला बंद करून संग्रहालयात काचेआड मांडा. तिसरा ‘सोडवा’: त्याचे भाग सुटे करा आणि मोटरी दुर्बिणीला लावा.

तीन ठरावांतून एक निवडायला आमच्या घटनेत दंगलीचा नियम होता. भांडणाची दंगल नव्हे हो, कुस्त्यांची. ज्यांनी ती घटना लिहिली ती पोरं जत्रेतले आखाडे बघून वाढलेली. त्यांनी लिहून ठेवलं: दोन ठराव एकमेकांशी लढवा, हरला तो आखाड्याबाहेर, जिंकला तो पुढच्याशी लढेल, शेवटी उभा राहील तो गदा नेईल. जोड्या लावायच्या सभापतीने. वाचायला किती सरळ वाटतं. मलाही तीस वर्षं सरळच वाटलं होतं.

सभापती होता यशोधन सानप, शेवटच्या वर्षाचा, डोक्याने तल्लख. दुर्बिणीसाठी चार वर्षं झटलेला. त्याने पहिली जोडी लावली ‘ठेवा’ आणि ‘मांडा’. ‘ठेवा’ जिंकला, बावीस-अकरा. मेसची पोरं बाकांवर नाचली. मग त्याने जिंकलेल्या ‘ठेवा’समोर ‘सोडवा’ उतरवला. ‘सोडवा’ जिंकला, बावीस-अकरा. नाचणारी पोरं बाकांवर तशीच उभी राहिली, खाली उतरायचं सुचेना.

घटनेप्रमाणे असा ठराव आठ दिवसांनी दुसऱ्या बैठकीत पक्का होई. घाईत चूक होऊ नये म्हणून ही सोय; दुसऱ्या बैठकीत ठरेल ते मात्र लगेच लागू. म्हणजे बापूरावाच्या हातात आठ दिवस होते.

बकुळ दोन दिवस नीट जेवली नाही. बापूराव तिला नेहमीप्रमाणे ‘बकुळताई, अर्धी तरी घ्या’ म्हणत राहिला. त्याला ठराव माहीत होता. त्याच्यात भीतीचा भाग बसवलेलाच नव्हता. भीती सगळी पोरीच्या वाट्याला आली होती.

तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन उठली आणि संसदेच्या तेहतीस सभासदांना एकेक करून गाठलं. कुणाला रांगेत, कुणाला ग्रंथालयात, एकाला तर न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना. प्रत्येकाला तिने एकच काम सांगितलं: तिन्ही ठराव आवडीप्रमाणे एकाखाली एक लिहून द्या. याला म्हणतात पसंतीक्रम (सगळ्यात आवडतं वर, नावडतं तळाला).

चिठ्ठ्यांचे तीन ढीग झाले. मेसवाल्यांनी लिहिलं होतं: ठेवा, मांडा, सोडवा. बापूराव राहावा, नाहीतर निदान काचेआड दिसावा. इतिहासवाल्यांनी लिहिलं होतं: मांडा, सोडवा, ठेवा. संग्रहालय उत्तम, नाहीतर दुर्बिणीवर त्याचं नाव कोरा, पण चुलीच्या धुरात झिजवू नका. आणि दुर्बीणवाल्यांनी लिहिलं होतं: सोडवा, ठेवा, मांडा. मोटरी मिळाव्यात, नाहीतर भाकऱ्या तरी मिळाव्यात, काचेआड नुसता उभा करणं म्हणजे शुद्ध वाया घालवणं. प्रत्येक ढिगात अकरा चिठ्ठ्या.

वही माझ्यासमोर ठेवून तिने विचारलं, ‘सोडवा’ आणि ‘मांडा’ यांची कुस्ती लावली असती तर काय झालं असतं?

मी म्हणालो, यात विचारायचं काय? ‘सोडवा’ने ‘ठेवा’ला पाडलं, ‘ठेवा’ने ‘मांडा’ला पाडलं, म्हणजे ‘सोडवा’ सगळ्यांत भारी. सोपानपेक्षा गणू उंच आणि गणूपेक्षा रखमा उंच असेल, तर सोपानपेक्षा रखमा उंच असणारच.

“मोजा ना आबा,” ती म्हणाली.

मोजलं. मेसच्या अकरा चिठ्ठ्यांत ‘मांडा’ हा ‘सोडवा’च्या वर. इतिहासच्या अकरांतही वर. बावीस. म्हणजे ‘मांडा’ने ‘सोडवा’ला चीत केलं असतं. मी चष्मा पुसून पुन्हा मोजलं. मग चष्मा काढून मोजलं. बावीसच.

“उंची एका माणसाची असते आबा,” बकुळ म्हणाली. “हे तेहतीस जणांचं आहे. एकेकाची चिठ्ठी बघा, वरून खाली सरळ आहे. पण सगळ्यांची मिळून बघायला गेलं की गोल होतं.”

एवढी साधी गोष्ट कळायला मला सत्तर वर्षं लागली. एकट्याचं मत सरळ रेषेत असतं. खूप जणांची मतं जोडली की कधीकधी रेषेचं वर्तुळ होतं. बघा ना, पहिल्या बावीसमध्ये मेसवाले आणि दुर्बीणवाले होते, दुसऱ्या बावीसमध्ये दुर्बीणवाले आणि इतिहासवाले, तिसऱ्या बावीसमध्ये इतिहासवाले आणि मेसवाले. आकडा तोच, माणसं दर वेळी वेगळी. आणि वर्तुळ झालं की गदा पैलवान ठरवत नाही, जोड्या लावणारा ठरवतो. आपला ठराव मागे ठेवायचा, त्याला पाडणाऱ्याचा काटा आधी दुसऱ्याच्या हातून काढायचा, आणि मग उतरायचं. यशोधनने हेच केलं होतं. नियमाचं अक्षरही मोडलं नव्हतं.

घटनेत एक कलम होतं, ते मी तिला दाखवलं. विद्यापीठाच्या आवारात राहणाऱ्या कुणालाही दुसऱ्या बैठकीत अर्ज देता येई आणि त्यावर बोलता येई, आणि दहा सभासद पाठिंब्याला उभे राहिले तर सभापतीला तो मतास टाकावाच लागे. वयाची अट लिहायला ते पैलवान विसरले होते.

दुसरी बैठक दुपारी भरली. बापूरावालाही आणून दाराशी उभं केलं होतं, कारण ठराव पक्का झाला की तसाच कार्यशाळेत न्यायचा होता. दोन तंत्रज्ञ हत्यारांची पेटी घेऊन बाजूला बसले होते. बकुळने अर्ज दिला. मागून कुणीतरी म्हणालं, अर्ज वहीच्या पानावर काहून लिवला वो? आणि सगळे हसले. बकुळने सांगितलं की वही सहावीची आहे, पान मात्र नवं आहे.

अर्जात एकच ओळ होती: ‘मांडा’ आणि ‘सोडवा’ यांची कुस्ती झालेली नाही, ती लावावी.

यशोधन शांतपणे म्हणाला की ‘मांडा’ आधीच हरलाय, हरलेला पुन्हा आखाड्यात येत नाही. पण मेसचे अकराही सभासद उभे राहिले होते. कलम म्हणजे कलम. त्याने हात वर करायला सांगितले. ‘मांडा’ला बावीस, ‘सोडवा’ला अकरा.

एकच कल्ला झाला. इतिहासवाले ओरडायला लागले की आम्ही जिंकलो, काचेची पेटी आणा. मेसवाले म्हणाले, तुम्हाला तर आम्ही मागच्याच आठवड्यात पाडलंय. दुर्बीणवाले म्हणाले, आणि तुम्हाला आम्ही. तिघंही खरं बोलत होते. बकुळने फळ्यावर तीन नावं लिहिली आणि पाडणाऱ्याकडून पडणाऱ्याकडे बाण काढले. तिसरा बाण निघाला तसं वर्तुळ पुरं झालं आणि ओरडणारे फळ्याकडे वळले.

“जो सगळ्यांशी लढला आणि सगळ्यांना पाडून उभा राहिला, तोच जिंकलेला,” बकुळ म्हणाली. “असा इथे कुणी नाहीये. मग बापूरावांना कुणाच्या हुकमाने सोडवताय?”

यशोधनने फळ्यावरचे तिन्ही बाण बोटाने एकेक करून तपासले. वाद घालता आला असता त्याला, जीभ होती. पण तो गणिताचा विद्यार्थी होता आणि फळ्यावर गणित होतं. त्याने विचारलं, मग करायचं काय? दुर्बीण अशीच पडू द्यायची?

तेव्हा नाझनीन उठली. ती दुर्बीणवाल्यांची म्होरकी, थाळीचं गणित तिनेच मांडलेलं. घटनेप्रमाणे सभासद किंवा अर्जदार नसलेल्याला सभेत बोलता येत नसे, पण सभासदाने प्रश्न विचारला तर उत्तर देता येई. इतक्या दिवसांत तिने, किंवा कुणीच, बापूरावाला काही विचारलं नव्हतं. तिने त्याला विचारलं की त्याचा हात सावकाशात सावकाश किती फिरू शकतो.

“तासाला पंधरा अंश,” बापूराव म्हणाला. “त्याहून सावकाशही, पण आकाश तेवढ्याच वेगाने सरकतं ना?”

नाझनीनने मान डोलावली. तेवढाच वेग हवा होता. पृथ्वी स्वतःभोवती चोवीस तासांत तीनशे साठ अंश फिरते, म्हणजे तासाला पंधरा. आकाशातल्या एका जागेवर रोखलेली थाळी तितक्याच वेगाने उलटी फिरवावी लागते. मग तिने विचारलं, की हात सुटे न करता, तो आहे तसा, उभ्याने थाळी फिरवेल का?

“फिरवेन की,” बापूराव म्हणाला. “दुपारी दीड ते पाच मी रिकामाच असतो.”

नाझनीनने जागेवरच चौथा ठराव मांडला, ‘जोडा’: सकाळ-संध्याकाळ बापूराव मेसमध्ये, दुपारी दुर्बिणीवर. इतिहासवाल्यांनी दुरुस्ती सुचवली (ठरावात केलेला बदल), की थाळीच्या खांबावर त्याचं नाव कोरावं आणि बघायला येणाऱ्यांना त्याची माहिती सांगावी. दुरुस्ती मान्य झाली.

आणि या वेळी यशोधनने स्वतःच तिन्ही कुस्त्या लावल्या. कुठलीही आधी, कुठलीही नंतर, काही फरक पडणार नव्हता. ‘जोडा’ विरुद्ध ‘मांडा’, पंचवीस-आठ. ‘जोडा’ विरुद्ध ‘ठेवा’, सव्वीस-सात. उरली ‘सोडवा’बरोबरची. बकुळने माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या मनगटावरचं घड्याळ थांबलं. मोजणारा दोनदा मोजून आला. एकतीस विरुद्ध दोन.

मग जो आवाज झाला, त्याने विवरातल्या खाऱ्या पाण्यावर लाटा उठल्या आणि पलीकडच्या काठावरचे मोर छत्र्या उघडल्यासारखे पिसारे फुलवून उभे राहिले. तंत्रज्ञांनी पेटी मिटली. यशोधन खाली उतरून आला आणि बकुळपुढे घटनेचं पुस्तक उघडं धरून म्हणाला, “बाई, आता हा नियम नीट लिहून दे.”

दंगलीचा नियम त्याच बैठकीत खोडला गेला. नव्या कलमात दोनच वाक्यं आहेत. प्रत्येक ठराव प्रत्येकाशी लढेल. वर्तुळ झालं, तर कुणीही जिंकलं नाही असं समजून सभेने नव्याने विचार करावा. ‘नव्याने विचार’ हे शब्द बकुळचे, बाकीची शुद्ध भाषा यशोधनची.

दीड वाजून गेले होते. सभा उठून सगळी थाळीकडे धावली. बापूरावाने दोन्ही हात दांड्यावर ठेवले, पाय रोवले, आणि ते प्रचंड धूड डोळ्यांना कळणार नाही इतक्या हळू फिरायला लागलं. नाझनीनने कानाला लावलेलं यंत्र बकुळला दिलं. कुठल्यातरी ताऱ्यावरून हजार वर्षांपूर्वी निघालेली सरसर ऐकू येत होती.

गेल्या महिन्यात बकुळला पत्र आलं, चंद्रावरच्या वसतिगृहातून. तिथे सात ठराव गोल फिरताहेत आणि सभापती भोवळ येऊन पडलाय. ती सोमवारी निघतेय.