मंगळाकडे जाणाऱ्या चार ओळी

"पुन्हा 'मजेत'. सकाळपासूनचं सत्ताविसावं 'मजेत'. पृथ्वीवर कुणाला साधी सर्दीसुद्धा होत नाही वाटतं."

ही कुरकुर खिडकीपलीकडून आली. खिडकीला नाक लावून उभ्या असलेल्या नऊ वर्षांच्या तन्मयीला ती स्पष्ट ऐकू आली. कुरकुरत होती चाळणबाई, ओतूरच्या निरोपकेंद्रातली यंत्रबाई. कागदोपत्री तिला लांबलचक क्रमांक होता. पण लोकांचे निरोप चाळून, बेतात बसवून ती अवकाशात पाठवायची, म्हणून गावाने तिचं बारसं परस्पर उरकलं होतं.

तन्मयी भांडायला आली होती. सोबत सुलूमावशी होती आणि मावशीच्या खांद्यावर सव्वादोन वर्षांचा मल्हार झोपला होता. तन्मयीची आई मंगळाभोवती फिरणाऱ्या 'प्रदक्षिणा' यानावर अभियंता होती. दीड वर्षापूर्वी ती गेली, तेव्हापासून मावशीच घर सांभाळत होती. गेले दोन आठवडे घरचे निरोप आईला मिळालेच नव्हते. ते चुकून तिच्या सहकाऱ्याला, बार्शीच्या पठाणकाकांना गेले आणि त्यांच्या घरचे आईला. केंद्राने माफी मागितली होती. तन्मयीला खुपत होतं ते वेगळंच. आईला अदलाबदल कळलीच नव्हती. उलट तिने आनंदाने उत्तर धाडलं होतं.

"तिने ओळखलं कसं नाही?" तन्मयीने विचारलं. "ती आम्हाला विसरत चाललीय का?"

चाळणबाईने समजूत घातली नाही. तिने दोन्ही निरोप काचेवर शेजारी शेजारी उमटवले. 'सगळे मजेत. बाळ गोड आहे. काळजी नसावी.' आणि 'इकडे सगळे छान. बाळ मजेत. काळजी नसावी.' यातला आपला कुठला, हे ठरवायला तन्मयीलाही दोनदा वाचावं लागलं.

मग फोटो का पाठवत नाही, असं तिने विचारलं. चाळणबाईने सांगितलं, की यानाची मोठी आकाशिका (संदेश पकडणारी तबकडी) तिसऱ्या महिन्यातच अडकून बसली आहे. आता उरलीय ती लहान आकाशिका. नळाची धार करंगळीएवढी झाली, की घागर भरायला दुपार जाते, तसं. एक फोटो पोचायला नऊ दिवस लागतील आणि तोवर बाकीच्या सगळ्या घरांनी गप्प बसायचं. म्हणून प्रत्येक घराला आठवड्याला चार ओळी.

"चार ओळींत घर कसं मावणार?"

चाळणबाईने काचेवर हजार ठिपके उजळले. प्रत्येक ठिपका म्हणजे एक बाळ. "'गोड बाळ' म्हण. जे गोड नसेल ते विझेल."

तन्मयीने म्हटलं. एकही ठिपका विझला नाही. "कुठली आई विझू देईल?" मावशी पुटपुटली.

"आता मल्हारकडे बघ. तो गोड आहे हे विसर. दिसतं ते सांग."

त्याच्या गालाला तीट होती आणि ती वाकडी होती, कारण लावताना तो हलला होता. तन्मयीने सांगताच निम्म्याहून जास्त ठिपके विझले. झोपेतही त्याच्या मुठीत अर्धी चावलेली काकडी होती. ते सांगितल्यावर सहाच उरले. हा सगळा अंदाज आहे, मी काही घरोघर डोकावत नाही, असं चाळणबाईने तेवढ्यात सांगून टाकलं. पण तन्मयीला मुद्दा कळला होता. जो शब्द जास्त ठिपके विझवतो, त्यात माहिती (किती शक्यता गळल्या त्याचं माप) जास्त. 'छान' कुणालाच वगळत नाही, म्हणून त्यातून कुणीच दिसत नाही.

"तू विसरली नाहीस, तीही नाही," चाळणबाई म्हणाली. "तिला ओळखायला तुम्ही काही दिलंच नव्हतं."

तन्मयीने कागद ओढला. यमक हवंच का, हे तिने विचारून घेतलं. चाळणबाईचं म्हणणं, जमलं तर बरं. वीस कोटी किलोमीटरच्या वाटेत एखादं अक्षर गळालं, तर जोडीच्या ओळीवरून ते भरून काढता येतं. पण यमकासाठी खोटी काकडी आणायची नाही. तन्मयीने लिहिलं:

मल्हारच्या गालाला तीट वाकडी,
मुठीत अर्धी चावलेली काकडी.

एवढ्यात तो जागा झाला, काकडी खाली पडली आणि त्याने भोकाड पसरलं. तन्मयीला तिसरी ओळ आयतीच मिळाली:

दुपारी झोपेतून उठतो रडत,

"आई," मल्हार हुंदके देत म्हणाला आणि मावशीच्या मानेत तोंड खुपसलं. "आई, काकली."

मावशी वाकून काकडी शोधू लागली. ती तिच्या पायाशीच पडली होती. तन्मयीने टोकदार पेन्सिलीलाच पुन्हा टोक काढलं. घरीही असंच व्हायचं. मल्हारने मावशीला अशी हाक मारली, की बाबा न ऐकल्यासारखं उठून नळ सोडायचे. दूरच्या माणसाच्या जिवाला लागेल असं कळवायचं नाही, हा घरातला रिवाज होता.

चौथी ओळ येईना. मावशीने सुचवलं, "'खाऊ मिळताच बसतो हसत' लिही."

चाळणबाईने ती ओळ काचेवर टाकली. ठिपके जसेच्या तसे राहिले. निरोप सुटायला सहा मिनिटं होती; मग अकरा मिनिटांत तो मंगळापाशी. तन्मयीने मावशीकडे पाहिलं नाही, कागदाकडेच बघत राहिली. मावशीने काकडी धुऊन मल्हारची मूठ तिच्यावर नीट मिटवली.

"पुढच्या खेपेला ताईकडेच चार ओळी मागू," ती म्हणाली. "ती हसते कशी, केस कसे बांधते, तुला रागावताना काय म्हणते. याला रोज म्हणून दाखवू, म्हणजे ती येईल तेव्हा हा ओळखेल तिला. आत्ता मात्र खरं ते लिही, तनू. मल्हार मला आई म्हणतो."